जुन्या पिस्तुलाचे रास्त मोल

आपत्तीत सापडलेल्या ब्राह्मणाने वैश्यवृत्ती पत्करली, तरी कोणत्या जिनसा विकू नयेत याची जी लांबलचक यादी मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात आहे, तिच्यात पाणी, शस्त्र, विष आणि मांस ही एकाच दमात येतात. बौद्धांच्या अंगुत्तर निकायात उपासकाला वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत शस्त्रांचा व्यापार पहिला आहे. आणि जैन आचार्य हेमचंद्राने योगशास्त्रात श्रावकासाठी निषिद्ध उद्योग सांगताना विषवाणिज्याच्या व्याख्येत विषाच्या शेजारी शस्त्रालाही बसविले आहे. इतर कितीतरी बाबतींत एकमेकांशी हाडवैर धरणाऱ्या या तीन परंपरांचे, शस्त्र हा इतर मालासारखा पेठेत मांडण्याचा माल नव्हे, एवढ्यापुरते मात्र एकमत आहे. तथापि विकू नये म्हणून सांगितलेले शस्त्र कोणी ना कोणी विकणारच, आणि विकले तर त्याचे रास्त मोल कोणते, हे या ठिकाणी तिघांपैकी एकानेही सांगितलेले नाही. निषेध केला की हिशेब करण्याची जबाबदारी संपते, अशी त्यांची समजूत असावी. सोवळे पाळणाऱ्यांची तर ती नेहमीच असते.

हा प्रश्न बीड जिल्ह्यात बसून विचारण्यास कारण आहे. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण होऊन निर्घृण हत्या झाली, आणि तिने हादरलेल्या महाराष्ट्राचे लक्ष पुढील काही आठवड्यांत जिल्ह्याच्या ज्या अनेक अंगांकडे वळले, त्यांत शस्त्रपरवान्यांचे दप्तर हे एक होते. दुष्काळासाठी आणि दिवाळीनंतर ओस पडणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या वाड्या-तांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या मुलखात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने दिलेले होते, हे त्या निमित्ताने लोकांना कळले. कमरेला पिस्तूल लावून मिरविणाऱ्यांची आणि हवेत बार काढणाऱ्यांची चित्रे घरोघरच्या मोबाईलवर फिरली. आणि २०२५ उजाडताच, ज्यांच्यावर गुन्हे दाखल आहेत अशांच्या परवान्यांची छाननी होऊन शंभराहून अधिक परवाने रद्द करण्यात आले. हे सारे वृत्तपत्रांतून येऊन गेले आहे. वृत्तपत्रांत न आलेला भाग असा की, परवाना रद्द झाला म्हणून लोखंड नाहीसे होत नाही. ते कोठेतरी जमा करावे लागते, आणि बहुतेक वेळा कोणाला तरी विकावे लागते.

१९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे एकविसावे कलम याविषयी स्पष्ट आहे. शस्त्र बाळगणे ज्या क्षणी बेकायदा होते, मग ते परवाना संपल्याने असो, रद्द झाल्याने असो वा धारक वारल्याने असो, त्या क्षणापासून विनाकारण विलंब न लावता ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे अमानत म्हणून ठेवले पाहिजे. ठेवणाऱ्याला, अथवा त्याच्या पश्चात त्याच्या वारसाला, विहित मुदतीच्या आत ते पात्र इसमास विकून त्याचा मोबदला घेण्याची मुभा आहे. ती मुदत टळली की शस्त्र सरकारजमा. यांत २०१९ च्या दुरुस्तीने आणखी एका वर्गाची भर घातली, कारण पूर्वी एका परवान्यावर तीन अग्निशस्त्रे ठेवता येत असत, ती संख्या दोनवर आली, आणि तिसरे शस्त्र ज्यांच्याजवळ होते त्यांना ते एका वर्षाच्या आत काढून टाकणे भाग पडले. म्हणजे विभागाच्या ठिकाणच्या एखाद्या गन हाऊसच्या गल्ल्यापाशी जुने पिस्तूल घेऊन येणाऱ्यांत मुख्यतः तीन प्रकारची माणसे असतात: नवरा वारलेली बाई, परवाना गेलेला पुढारी, आणि आजोबांच्या वेळेपासून घरात दोन-तीन हत्यारे असलेला जुना जमीनदार. तिघेही आपखुशीने आलेले नसतात. बाजारभाव हा स्वेच्छेने घेणाऱ्या आणि स्वेच्छेने देणाऱ्या अशा दोन पक्षांच्या संमतीतून ठरतो, हे अर्थशास्त्राचे पहिले गृहीतकच येथे गल्ल्यावर चढण्यापूर्वी पायरीवर राहून जाते.

गिऱ्हाईकही मोजके. पिस्तूल घ्यायचे तर जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज, त्यावर पोलिसांचा अहवाल, प्रशिक्षणाचा दाखला, मग परवाना, आणि त्यावर कोणत्या जातीचे शस्त्र घ्यावे याचा उल्लेख. सैन्याच्या वापरातील ९ मिलिमीटरचा बोअर सामान्य नागरिकास निषिद्ध. त्याच्या वाट्याला मुख्यतः .३२ बोअर येतो. त्या बोअरची रिव्हॉल्व्हरे कानपूरच्या सरकारी कारखान्यात होतात. २०१४ साली तेथूनच स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचे हलके रिव्हॉल्व्हर सव्वा लाखाच्या आसपास किमतीला निघाले होते. परदेशी मालाची आयात गेल्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकांच्या सुमारास नागरिकांसाठी बंद झाली, त्यामुळे त्यापूर्वी देशात आलेले वेब्ली, वॉल्थर किंवा कोल्ट हे वाडवडिलांच्या पेटीतून निघाले, की जी वस्तू अमेरिकेतील दुकानात काहीशे डॉलरना मिळते तिला येथे काही लाख रुपये पडतात. ही रक्कम किती मोठी आहे हे जाणण्यासाठी बीडमध्येच दुसरे माप आहे. एका कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, कारखान्याच्या साऱ्या हंगामासाठी मुकादमाकडून मिळणारी उचल हल्ली लाखाच्या आसपास जाते. दोन माणसांच्या सहा महिन्यांच्या श्रमाइतके ज्याचे मोल आहे, असे हे किलोभर वजनाचेही नसलेले यंत्र आहे, आणि वर्षानुवर्षे ते एकदाही वापरले जात नाही, ही त्याच्या मालकाच्या दृष्टीने समाधानाची गोष्ट असते.

तेव्हा हे मोल येते कोठून? वैशेषिक दर्शनाने द्रव्याच्या आश्रयाने राहणाऱ्या गुणांची जी गणना केली, तिच्यात कणादाने सतरा सांगितले आणि प्रशस्तपादाने सात मिळवून ते चोवीस केले. रूप आहे, स्पर्श आहे, संख्या आहे, परिमाण आहे, गुरुत्व आहे. मूल्य मात्र त्या यादीत नाही. विसर पडण्याइतकी ही माणसे गाफील नव्हती. मूल्य हे द्रव्याच्या ठायी राहत नाही, हे त्यांना दिसत असले पाहिजे. परंतु म्हणून ते केवळ माणसाच्या मनचे मांडे आहे असेही म्हणता येणार नाही, आणि ही अडचण सोडविण्यास त्यांच्याच द्वित्वाच्या सिद्धांताचा मला मोठा उपयोग वाटतो. दोन घट समोर असता ‘हा एक, आणि हा एक’ अशी जी बुद्धी पाहणाऱ्याला होते, तिला ते अपेक्षाबुद्धी म्हणतात. त्या बुद्धीमुळे घटांच्या ठायी द्वित्व खरोखरीच उत्पन्न होते, आणि ती बुद्धी मावळली की द्वित्वही नाश पावते. घट मात्र होते तेथेच असतात. मोलाचे तसेच आहे. ते खरे असते, त्यावर व्यवहार होतो, घरे बांधली जातात. तथापि ते पाहणाऱ्यांच्या परस्परसापेक्ष बुद्धीवर उभे असते आणि त्या बुद्धीबरोबरच जाते.

आता पिस्तुलाच्या बाबतीत ही अपेक्षाबुद्धी एकेरी नाही. किमतीचा एक हिस्सा लोखंडाचा आहे: नळी किती झिजली, चाप किती अडतो, चक्री फिरताना नळीच्या तोंडाशी नीट येऊन थांबते की नाही, कारखान्याचा शिक्का आणि अंक शाबूत आहेत की घासले गेले आहेत. दुसरा हिस्सा सरकारी हुकमाचा आहे. आयात बंद आहे म्हणून, निषिद्ध बोअर कोणता हे अधिसूचनेने ठरते म्हणून, परवाने मोजकेच सुटतात म्हणून ही वस्तू दुर्मिळ होते, आणि त्या दुर्मिळतेत बनविणाऱ्या कारागिराचे वा बाळगणाऱ्या मालकाचे काही कर्तृत्व नाही. तिसरा हिस्सा वचकाचा. लग्नाच्या मांडवात कोट जरा बाजूला सरला की चार माणसांचे आवाज खाली येतात. ग्रामपंचायतीच्या बैठकीत एका बाजूच्या माणसाने पाणी प्यायला हात लांब केला की दुसऱ्या बाजूचा माणूस आपला मुद्दा आवरता घेतो. हा हिस्सा सर्वांत मोठा असतो, आणि दुकानदाराच्या पावतीवर तो कधीच लिहिला जात नाही.

लोखंडाच्या हिश्शापुरते न्यायाचे नियम आपल्याकडे फार जुने आणि चांगले आहेत. याज्ञवल्क्यस्मृतीत, माल आणून लगेच विकणाऱ्या वाण्याने स्वदेशी मालावर शेकडा पाच आणि परदेशी मालावर शेकडा दहा इतका नफा घ्यावा असे सांगितले आहे. सदोष माल निर्दोष म्हणून विकला तर किमतीच्या दुप्पट दंड आहे. आणि घेतलेली वस्तू पारखून परत करण्यासाठी निरनिराळ्या मुदती आहेत: बियाण्याला दहा दिवस, ओझ्याच्या जनावराला पाच, रत्नाला सात, दुभत्या जनावराला तीन. लोखंडाला एकच दिवस आहे. लोखंड खोटे बोलत नाही, जे आहे ते एका दिवसात दिसते, असा त्यामागचा विचार असावा. या स्मृतीवर मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर ज्या कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाला होता, त्यांचीच सत्ता तेव्हा मराठवाड्यावर होती. म्हणजे हे नियम बीडच्या मातीला परके नव्हेत. आजच्या गन हाऊसला ते जसेच्या तसे लावता येतात, आणि लावले पाहिजेत. चाप ढिला असल्याचे ठाऊक असून तो न सांगता विकणाऱ्या दुकानदाराला दुप्पट दंड मला अपुराच वाटेल, कारण सदोष भांड्यातून पाणी गळते, आणि सदोष पिस्तूल कमरेला असतानाच उडते.

पण याच ठिकाणी दुकानदाराचे एक म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, आणि ते खोटे नाही. घेताना आणि विकताना भावात जे अंतर असते त्याबद्दल विकणारे त्याला लबाड म्हणतात. तथापि त्याचे पैसे वर्षभर गुंतून पडतात. परवान्याचे नूतनीकरण, साठ्याची वही, पोलिसांची तपासणी, तिजोरी, या सर्वांचा खर्च एकेका पिस्तुलावर पडतो. आणि पात्र गिऱ्हाईक केव्हा येईल याचा नेम नसतो. अंतर असण्यात अन्याय नाही, ते अंतर झाकून ठेवण्यात आहे. निजामाच्या अमदानीत हा जिल्हा हाली शिक्क्याचा होता. आष्टी-पाटोद्याचा माणूस जामखेड किंवा नगरच्या पेठेत गेला की त्याला कलदार रुपये लागत, आणि साधारण सात हालीला सहा कलदार हा हिशेब शेतकऱ्यालाही तोंडपाठ असे. सराफाचा बट्टा त्याला टोचत असेल, पण तो किती हे त्याला ठाऊक होते, आणि न पटल्यास पुढच्या पेढीवर जाण्याची त्याला मोकळीक होती. जुन्या शस्त्रांच्या दुकानात घेण्याचा भाव आणि देण्याचा भाव शेजारी-शेजारी लिहिलेली पाटी लागली, तर निम्म्या तक्रारी त्याच दिवशी मिटतील, असे मला वाटते.

आता त्या बाईकडे येऊ. समजा, गेवराई किंवा माजलगाव तालुक्यातील एका शेतकऱ्याने रानडुकरांच्या त्रासामुळे शेतीसंरक्षणासाठी बंदूक घेतली आणि पुढे, गावातील एका वादानंतर, आत्मसंरक्षणासाठी रिव्हॉल्व्हरही घेतले. तो वारला, मुलगा पुण्याला नोकरीस आहे आणि त्याला या भानगडीत पडायचे नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे वारसाला परवाना मागता येतो, पण कोणी मागत नाही. बाई शस्त्र घेऊन दुकानात जाते. ‘मावशी, हे जुनं झालंय, ह्याला आता गिऱ्हाईक न्हाई, ठाण्यात जमा केलं तर तेबी मिळायचं न्हाई,’ असे दुकानदार सांगतो, आणि त्यात प्रत्येक शब्द खरा असू शकतो. तरीही त्या वाक्याने तो अन्याय करीत असतो, कारण तो वस्तूची किंमत सांगत नसून तिच्या अडचणीची किंमत सांगत असतो. नीतिशास्त्रज्ञांनी या गोष्टीचा विचार दुष्काळातल्या धान्याच्या संदर्भात पुष्कळ केला आहे, पण तेथे अडलेला असतो तो घेणारा. येथे विकणारा अडलेला आहे, आणि त्याला अडविणारा दुकानदार नसून स्वतः कायदा आहे. कायद्याने एखाद्याचा हात पिरगळावा आणि त्या पिरगळलेल्या हातातून पडलेले नाणे तिसऱ्याने उचलावे, ही रचनाच वाईट. मुदत वाढविणे, ठाण्यात जमा असताना शस्त्राची सरकारी मूल्यमापकाकडून पारख करून घेण्याची सोय करणे, एवढे उपाय सरकारच्या हातचे आहेत आणि त्यांना फारसा खर्च नाही.

परवाना गेलेल्या पुढाऱ्याची कैफियत निराळी आहे. त्याने चार लाखांना घेतलेल्या जुन्या वॉल्थरला आज दीड लाखही कोणी देत नाही, कारण त्याच्यासारखे अनेक जण एकाच हंगामात विकावयास निघाले आहेत आणि नवे परवाने आटले आहेत. हे आकडे मी कल्पिलेले आहेत, परंतु गाऱ्हाण्याचा आकार हाच. आपले नुकसान झाले, आपल्यावर अन्याय झाला, असे तो मनापासून मानतो. येथे दोन गोष्टी अलग केल्या पाहिजेत. त्याच्या लोखंडाचे मोल तो गुन्हेगार ठरला वा न ठरला याने बदलत नाही, आणि ‘तुझ्यासारख्याला एवढे पुरे’ म्हणून दुकानदाराने त्याचा भाव पाडला, तर तो अन्यायच होय. शिक्षा देण्याचा अधिकार न्यायासनाचा आहे, गल्ल्यावर बसणाऱ्याला तो कोणी दिलेला नाही. मात्र जे अडीच लाख हरवले म्हणून तो हळहळतो, ते लोखंडाचे कधीच नव्हते. ते हुकमाने निर्माण झालेल्या दुर्मिळतेचे आणि गावाने बाळगलेल्या भीतीचे होते. गावकऱ्यांची भीती ही त्याची मिळकत कशी ठरेल? ती त्याने कमावली नाही, विकतही घेतली नाही. चार माणसांनी आवाज खाली आणले तेव्हा त्यांनी ती त्याच्याकडे गहाण ठेवली, इतकेच. ती अपेक्षाबुद्धी मावळली, आणि तिच्याबरोबर तिच्यावर उभे असलेले मोल गेले. वस्तू होती तशी त्याच्या हातात आहे.

या उत्तराने माझे स्वतःचेही पुरते समाधान होत नाही, हे सांगितले पाहिजे. कारण तेच उत्तर त्या बाईलाही लावता येते. तिच्या नवऱ्याचे रिव्हॉल्व्हरही शेजाऱ्यांच्या भीतीमुळेच महाग झालेले होते, मग तिला कमी मिळाले तर रडण्याचे कारण काय? भेद आहे तो असा: ती त्या भीतीचे मोल मागत नाही. दुकानदार ज्या भावाने पुढच्या गिऱ्हाइकाला ते विकणार आहे, त्यात भीतीचे मोल पुन्हा धरलेले आहे, आणि ते सर्वस्वी दुकानदाराच्या गल्ल्यात जाणार आहे. जे मोल कोणाचेच नाही ते बाईला द्या, असे मी म्हणणार नाही. पण ते तिच्याकडून काढून घेऊन दुसऱ्याने पचवावे, यालाही रास्त म्हणता येत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराच्या फेररचनेत रिव्हॉल्व्हर-पिस्तुलांना पानमसाला आणि तंबाखूच्या पंगतीत बसवून ४० टक्क्यांच्या वर्गात घातले गेले. म्हणजे भीतीच्या किमतीतील वाटा आता सरकारही घेते. त्यातून भीती कमी होते की तिला प्रतिष्ठा येते, यावर अर्थमंत्र्यांपेक्षा समाजशास्त्रज्ञांनी बोलावे.

बाळगणाऱ्याच्या मनातील मोलाचाही विचार झाला पाहिजे, कारण तेथे केवळ हौस नसते. खंडेनवमीला या जिल्ह्यात कोयता, नांगराचा फाळ, शिलाईयंत्र, ट्रॅक्टर आणि घरात असेल तर बंदूक-पिस्तूल ही सारी एका पाटावर येतात, सर्वांना तेच कुंकू आणि तीच झेंडूची फुले मिळतात. हे दृश्य मला नेहमी विचारात पाडते. कोयत्याची पूजा तो वर्षभर पोट भरतो म्हणून होते. पिस्तुलाची पूजा ते वर्षभर काहीच करीत नाही तरी होते. ज्याची पूजा केली ते विकावे कसे, असा संकोच जुन्या घरांत असतो, आणि विकणाऱ्याला भाव नेहमी कमी वाटतो त्याचे अर्धे कारण हे ममत्व आहे. घेणाऱ्याला त्या ममत्वाशी कर्तव्य नसते. ममत्व सोडण्याची शिकवण आणि शस्त्र यांचा शेजार या जिल्ह्यात जुना आहे. ज्या अंबाजोगाईत मुकुंदराजांची समाधी आहे, आणि विवेकसिंधूसारखा अद्वैताचा ग्रंथ लिहिणाऱ्या पुरुषाच्या नावाने जे गाव ओळखले जाते, तेच मोमिनाबाद या नावाने हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणीही होते. एकीकडे आपपर निरसण्याची शिकवण आणि दुसरीकडे स्वारांचा तळ, अशी त्या गावाची शेजारनीती होती, आणि त्यांपैकी कोणा एकाने दुसऱ्याला हरविले असे इतिहासात दिसत नाही.

महाभारताच्या शांतिपर्वात तुलाधार नावाच्या काशीच्या वाण्याची कथा आहे. जटांत पक्ष्यांनी घरटे करीपर्यंत निश्चल उभे राहिलेल्या जाजली नावाच्या तपस्व्याला आपल्या तपाचा गर्व झाला, तेव्हा त्याला धर्म शिकण्यासाठी या दुकानदाराकडे जावे लागले. माझा तराजू सर्वांना सारखा आहे, हे तुलाधाराच्या धर्माचे सार म्हणून सांगितले जाते, आणि व्यापारी मंडळांच्या संमेलनांत वक्ते तेवढेच सांगून थांबतात. पण त्या संवादात पुढे आणखी आहे. तो नाना रस विकतो, मात्र मद्य विकत नाही. बैलांना वेसण घालून, खच्ची करून, मारून राबविणाऱ्यांना, आणि जीव बांधून विकणाऱ्यांना तो दोष देतो. म्हणजे समतोल तराजू ही त्याच्या धर्माची सुरुवात आहे, आणि पारड्यात काय ठेवायचे हा पुढचा प्रश्न तो स्वतःला विचारतो. समोरच्या दोघांना सारखे मापणे त्याला पुरत नाही. जो दुकानात आलेला नाही, ज्याला बोलता येत नाही, त्या बैलाचाही पक्ष त्याच्या हिशेबात आहे. जुन्या पिस्तुलाच्या सौद्यात देणारा आणि घेणारा दोघेही पूर्ण तृप्त होऊन गेले, भाव रास्त, पावती चोख, दोष सांगितलेला, तरी ज्याच्या गावी ते पिस्तूल जाणार त्याला कोणी विचारलेले नसते, आणि किमतीचा सर्वांत मोठा हिस्सा तर त्याच्याच छातीतील धडधडीतून काढलेला असतो.

कोणी म्हणेल, मध्य प्रदेशाच्या सीमेवरील उमर्टीकडून येणारे गावठी कट्टे ना परवाना मागतात ना पावती. त्यांच्यापुढे या कायदेशीर दुकानदारीची एवढी चिकित्सा कशाला? आक्षेप खरा आहे, पण तो पोलिसांनी घ्यावा. कट्टा विकणाऱ्याने रास्त भाव घेतला की नाही हा प्रश्नच उद्भवत नाही. ज्या व्यवहाराला सरकारचा शिक्का आहे, तेथेच न्यायाची विचारणा शोभते. शिवाय वचक बसविण्याच्या कामी परवान्याचे पिस्तूल कट्ट्यापेक्षा वरचढ असते. कट्टा लपवावा लागतो. परवान्याचे पिस्तूल किंचित दिसू द्यावे लागते, आणि त्या किंचित दिसण्यालाच चार लाख पडलेले असतात.

याज्ञवल्क्याने लोखंड पारखण्यास एक दिवस दिला. शस्त्र अधिनियमाच्या पाचव्या कलमाने खासगी माणसास आपले अग्निशस्त्र दुसऱ्याला विकण्यासाठी पंचेचाळीस दिवस थांबावयास लावले आहे. विकणाऱ्याने आपला इरादा आणि घेणाऱ्याचे नाव-गाव जिल्हा दंडाधिकाऱ्यास किंवा जवळच्या ठाण्याच्या अंमलदारास लेखी कळवावे, आणि त्यानंतर इतके दिवस गेल्यावरच शस्त्र हातोहात व्हावे, अशी ती तरतूद आहे. स्मृतीतील मुदत सौद्याच्या दोन पक्षांपैकी घेणाऱ्याला पस्तावा झाला तर त्याच्यासाठी होती. ही मुदत त्या दोघांसाठी नाहीच, ती बाहेरच्या कोणासाठी तरी आहे. कायदा करणाऱ्यांना तिसरा पक्ष दिसला होता, हे त्यांना श्रेय दिले पाहिजे. परंतु त्या तिसऱ्याच्या वतीने फक्त दप्तर बोलते. वीस गुंठे जमीन घ्यावयाची झाली तर वकील बीडच्या वृत्तपत्रात जाहीर नोटीस देतो, गट क्रमांक आणि चतुःसीमा छापतो, आणि कोणाची हरकत असल्यास इतक्या दिवसांत कळवावी म्हणून सांगतो. बांधाला लागून असलेल्या शेतकऱ्यालाही त्यामुळे तोंड उघडता येते. शस्त्रधारकांची नावे वृत्तपत्रांत छापणे चोरांना वाट दाखविणारे ठरेल, म्हणून ती रीत येथे चालणार नाही. पण ज्या गावी पिस्तूल जाणार त्या गावातील, घेणाऱ्याशी ज्यांचे दावे-फिर्यादी चालू आहेत अशा माणसांना तरी त्या पंचेचाळीस दिवसांत ठाण्यावर बोलावून त्यांचे म्हणणे लिहून घ्यावे, असे त्या कलमात कोठेही म्हटलेले नाही.